‘कोन सांगस?’ : लस, धोका आणि विश्वास



मागच्या महिन्यात धुळ्याला माझं एक व्याख्यान होतं. विषय अगदी वेगळा होता. व्याख्यान संपलं, चहा सुरू झाला, तेव्हा एक आजीबाई माझ्याजवळ आल्या. आजीबाई म्हणतोय खरा, पण वयानं माझ्याहून लहानच असतील. म्हणाल्या, “सर, एक घरगुती प्रश्न विचारू का? नातू दहा महिन्यांचा झालाय. नवव्या महिन्याची गोवराची लस राहिली आहे. सून म्हणते, थांबू या. सून अडाणी असती तर मी समजावलं असतं. पण ती शिकलेली आहे, मोबाइलवर दहा गोष्टी वाचते. शिकलेल्या माणसाला काय सांगायचं?”

मी काय उत्तर दिलं असेल? तत्त्वज्ञानाचा डॉक्टर मी, चाळीस वर्षं शिकवलेलं. मी म्हणालो, “शास्त्रज्ञांवर विश्वास ठेवायला सांगा.” त्या म्हणाल्या, “ते तर मी रोजच सांगते.” कप खाली ठेवला आणि निघून गेल्या.

त्या रात्री धुळ्याहून परत येताना एस.टी.त मला काही झोप आली नाही. आपण अगदीच पोकळ उत्तर दिलं, हे मला कळत होतं. आज जळगावात तुमच्यापुढे बोलतोय ते त्या आजींना द्यायला हवं होतं ते उत्तर आहे. जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

माहिती आणि कृती यांच्या मधलं

आपली एक समजूत असते. लोकांना माहिती नाही म्हणून ते लस घेत नाहीत. माहिती दिली की घेतील. ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे.

अमेरिकेत १९५०च्या दशकात क्षयरोगाच्या तपासणीसाठी छातीचा एक्स-रे फुकट काढून मिळत असे. गाडी अगदी वस्तीत यायची. तरी पुष्कळ लोक जात नसत. गॉडफ्री हॉकबाम या मानसशास्त्रज्ञानं याचा अभ्यास केला. त्याला दिसलं ते असं : ज्यांना ‘हा रोग मलाही होऊ शकतो’ असं वाटत होतं आणि ‘लवकर कळलं तर उपयोग होतो’ असंही वाटत होतं, त्यांच्यापैकी १०० तले ८२ जण एक्स-रे काढून आले होते. ज्यांना या दोन्ही गोष्टी वाटत नव्हत्या, त्यांच्यातले फक्त २१. गाडी तीच आणि तीही सगळ्यांना फुकट. फरक होता तो मनातल्या समजुतीत. पुढे आरोग्यविषयक वर्तनाचा जो एक मोठा सिद्धान्त तयार झाला, त्याचा पाया इथे आहे.

म्हणजे लस टोचून घ्यायला हात पुढे करण्याआधी माणूस मनातल्या मनात तीन प्रश्न विचारत असतो. एक, हा रोग मला, माझ्या लेकराला होईल का? दोन, या सुईनं काही होणार तर नाही ना? आणि तीन, हे मला कोण सांगतंय? आपल्या अहिराणीत म्हणायचं तर, ‘कोन सांगस?’ मला आज असं सांगायचंय, की यातला तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे. आणि तो अडाणीपणाचा नाही, तो योग्य प्रश्न आहे. पण तिथे जायच्या आधी पहिले दोन बघू.

जे नाही, ते दिसत नाही

इथे पन्नाशीच्या पुढचे बरेच जण दिसताहेत. तुमच्या दंडावर एक गोल व्रण असेल बघा. आपण त्याला ‘देवी काढल्या होत्या’ असं म्हणतो. भाषा किती बोलते पाहा. रोगाचं नाव देवी, आणि लस टोचण्यालाही आपण ‘देवी काढणं’च म्हणत आलो. रोग म्हणजे देवीचा कोप किंवा देवीचं घरी येणं, ही समजूत इतकी खोल, की लशीलासुद्धा त्याच नावानं घरात यावं लागलं.

मुंबईत १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतातली ही पहिली यशस्वी लस मानतात. तेव्हा एका मुलाच्या दंडावरच्या फोडातली लस घेऊन दुसऱ्याच्या दंडावर टोचत. साहजिकच लोक बिचकत. कोणाच्या अंगातलं कोणाच्या अंगात घालताय, हा प्रश्न जातीपातीच्या समाजात येणारच. तिथपासून १७३ वर्षांनी, मे १९७५मध्ये, देवीचा शेवटचा रुग्ण भारतात नोंदला गेला. ८ मे १९८०ला जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली.

माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत एक गृहस्थ होते. तोंडभर देवीचे वण आणि एक डोळा गेलेला. आम्ही पोरं त्यांना घाबरायचो. देवीच्या गंभीर प्रकारात दर तिघांमधला साधारण एक दगावायचा. हे वाचलेल्या दोघांतले. आमच्या आईला लशीचं महत्त्व कोणी पटवून द्यावं लागलं नाही. ती रोज दारातून त्यांना बघत होती.

आता इथे थोडं आपलं भारतीय तर्कशास्त्र काढतो. घाबरू नका, दोनच मिनिटं. आपल्याकडे ज्ञानाच्या साधनांना प्रमाणं म्हणतात. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द वगैरे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती आणखी एक प्रमाण मानतात, अनुपलब्धी. म्हणजे एखादी गोष्ट ‘नाही’ हे ज्ञान आपल्याला कसं होतं, त्याचं साधन. खोलीत घडा नाही, हे मला कळतं ते कसं? तर घडा असता तर दिसला असता, आणि दिसत नाही, म्हणून. पण याला एक अट आहे. ज्याचा अभाव आहे ती वस्तू मला आधी माहीत हवी. तिला शास्त्रात ‘प्रतियोगी’ म्हणतात. ज्यानं आयुष्यात घडा पाहिलाच नाही, तो रिकाम्या खोलीत उभा राहून ‘इथे घडा नाही’ असं म्हणेल का? त्याला फक्त खोली दिसेल.

लशीचा सगळा फायदा हा असा अभाव आहे. गल्लीत पोलिओनं पाय गेलेलं मूल नाही. घशाला पडदा येऊन, म्हणजे घटसर्पानं, गुदमरलेलं मूल नाही. माझ्या आईला हे ‘नसणं’ दिसायचं, कारण तिनं ‘असणं’ पाहिलं होतं. आज पंचविशीतल्या मुलीनं ते पाहिलेलंच नाही. भारतात २००९ साली पोलिओचे ७४१ रुग्ण होते. १३ जानेवारी २०११चा हावड्याचा रुग्ण शेवटचा ठरला. ही केवढी मोठी गोष्ट! पण ज्या आईनं पोलिओ पाहिला नाही, तिला त्यात दिसणार काय? तिला फक्त नेहमीची गल्ली दिसते. तिची अक्कल कमी नाही, मंडळी. तिच्याकडे प्रतियोगी नाही.

गोवराचं तर आणखी अवघड. ‘गोवर सगळ्यांनाच येतो, येतो आणि जातो’ ही समजूत घराघरात आहे. २०२२च्या शेवटी आपल्या शेजारच्या मालेगावात, भिवंडीत आणि मुंबईत गोवंडीला गोवराची साथ आली, लहान मुलं दगावली. कोविडच्या काळात कितीतरी मुलांच्या नेहमीच्या लशी चुकल्या होत्या. त्या साथीत ज्या आयांनी लेकरं गमावली, त्यांना प्रतियोगी दिसला. पण केव्हा दिसला?

सुई मात्र दिसते

आता दुसरा प्रश्न, सुईचा. लशीचा फायदा दिसत नाही, पण लशीचा त्रास मात्र प्रत्यक्ष दिसतो. दंड सुजतो, ताप येतो, लेकरू रात्रभर रडतं. म्हणजे तराजूच्या एका पारड्यात रडणारं मूल आणि दुसऱ्या पारड्यात न दिसणारी गोष्ट. हा तराजू आधीच कललेला आहे.

त्यात आणखी एक भर पडते. रिटोव आणि बॅरन या दोघा संशोधकांनी १९९०मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सांगितलं, समजा एका रोगानं दहा हजारांतली दहा मुलं दगावतात. लस दिली तर हा रोग होणार नाही, पण लशीमुळेच काही थोडी मुलं दगावू शकतात. किती धोका असेल तर तुम्ही लस द्याल? हिशेबानं दहाच्या खाली कोणताही आकडा चालायला हवा. पण कित्येकांनी दहापेक्षा खूप कमी आकड्यालाही नकार दिला. का? कारण रोगानं काही झालं तर ते ‘झालं’. लशीनं झालं तर ते ‘मी केलं’. न केल्याचं पाप आपल्याला लागत नाही, केल्याचं लागतं, अशी आपल्या मनाची रचना आहे. त्या सुनेच्या ‘थांबू या’मध्ये हेच आहे. थांबणं हासुद्धा एक निर्णय आहे, हे तिला जाणवत नाही. कोणालाच सहज जाणवत नाही.

आणि मग ‘लस घेतली आणि दुसऱ्या दिवशी माणूस गेला’ ही बातमी. आपल्याकडे म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात. पण नुसती म्हण सांगून भीती जात नाही, म्हणून हिशेब करू. जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ४२ लाखांवर होती. समजा, त्यातल्या एक लाख वृद्धांना आपण एकाच आठवड्यात लस दिली. साठीपुढच्या लोकांत वर्षाला हजारी चाळीस मृत्यू धरा. म्हणजे एक लाखात वर्षाला चार हजार, दिवसाला अकरा. लस असो, नसो, साधं पाणी टोचलेलं असो, टोचल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यातले दहा-अकरा जण जाणारच. त्या प्रत्येकाच्या घरी ‘कालच लस घेतली होती’ हे वाक्य खरंच असेल. वाक्य खरं आणि निष्कर्ष खोटा, असं होऊ शकतं.

पण इथे एक प्रामाणिकपणा पाळला पाहिजे. लशीनं कधीच काही होत नाही, असं म्हणणंही खोटं आहे. क्वचित का होईना, होतं. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबात मुल्कोवाल गावी प्लेगची लस १०७ जणांना टोचली. त्यातले १९ जण धनुर्वातानं गेले. एकच बाटली दूषित झाली होती. लस बनवणाऱ्या हाफकिन यांच्यावर ठपका आला, ते कामावरून दूर झाले. पुढे चौकशीत आणि चर्चेत दिसलं, की गावात बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. १९०७मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. पाच वर्षं लागली. लस निर्दोष होती, पण त्या गावच्या माणसांना आपण काय तोंडानं सांगणार, की तुमची भीती निव्वळ अंधश्रद्धा आहे? भीतीला कधी कधी इतिहास असतो. तो ऐकून न घेता तिच्यावर आकडे फेकले, तर आकडे वाया जातात.

आप्त कोण?

आता तिसरा प्रश्न. जर फायदा डोळ्यांना दिसत नाही, आणि जो दिसतो तो फक्त त्रास, तर लशीबद्दलचं आपलं ज्ञान येतं कुठून? माझ्यापुरतं सांगतो. मी सूक्ष्मदर्शकातून एकही विषाणू पाहिलेला नाही. लशीच्या चाचणीचा एकही तक्ता मी स्वतः तपासलेला नाही. तरी मी लस घेतो. म्हणजे माझं ज्ञान शब्दप्रमाणावर उभं आहे, कोणीतरी सांगितलं म्हणून मी मानतो. आणि ती सून मोबाइलवर वाचते, तेही शब्दप्रमाणच आहे. आमच्यात ज्ञानी आणि अज्ञानी असा भेद नाही. आम्ही दोघंही कोणाचं तरी ऐकतोय. प्रश्न एवढाच, कोणाचं?

न्यायदर्शन सांगतं, शब्द प्रमाण केव्हा? तर तो आप्ताचा असेल तेव्हा. आणि वात्स्यायनाच्या भाष्यात आप्ताची लक्षणं दिली आहेत. ज्याला ती गोष्ट साक्षात कळलेली आहे, आणि जशी कळली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. मला फार आवडतं ते पुढचं. वात्स्यायन म्हणतो, हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखंच लागू आहे. म्हणजे जात, धर्म, देश, पदवी यांवरून आप्त ठरत नाही. पण मराठीत आपण ‘आप्त’ कोणाला म्हणतो? नातेवाइकाला, आपल्या माणसाला! शास्त्रातला आप्त म्हणजे जाणणारा आणि खरं बोलणारा. व्यवहारातला आप्त म्हणजे जवळचा. लशीची सगळी अडचण या दोन अर्थांच्या मधल्या फटीत आहे. जाणणारा जवळचा नसतो, आणि जवळचा जाणणारा नसतो.

१८९७चं पुणं आठवा. प्लेग आला. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला. रँडच्या हाताखाली सोल्जर घरात घुसून रोगी शोधू लागले. रोग्याला वेगळं करणं, ही कल्पना शास्त्राला धरूनच होती. पण सांगणारा होता बंदूकवाला. लोक रोगी लपवू लागले. त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री गोळीबारात झाला, ते आपण शाळेत शिकलोय. आणि त्याच साथीत, त्याच पुण्याच्या बाहेर, हडपसरच्या माळावर डॉ. यशवंत फुल्यांनी दवाखाना काढला होता. सावित्रीबाई तिथे रोगी घेऊन येत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घालून आणताना त्यांनाच लागण झाली, आणि १० मार्च १८९७ला त्या गेल्या. रोगी घराबाहेर काढायचा, हे काम दोन्हीकडे एकच. पण एका ठिकाणी माणसं लपली आणि दुसऱ्या ठिकाणी आपलं लेकरू त्यांच्या पाठीवर दिलं.

त्याच वेळी मुंबईत हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत प्लेगची लस बनवत होते. १० जानेवारी १८९७ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. तरी लोक घेईनात. परका माणूस, परकी औषधं. तेव्हा जेमतेम विशीतल्या आगाखानांनी आपल्या समाजासमोर उघडपणे लस टोचून घेतली. हाफकिन जाणणारे होते, आगाखान जवळचे होते. दोघं मिळून आप्त पुरा झाला. शंभर वर्षांनी उत्तर प्रदेशात पोलिओच्या वेळी तेच झालं. थेंबांनी मुलं वांझ होतात, अशी अफवा होती. ती मोडायला मशिदीतले इमाम आणि वस्तीतल्या बाया पुढे आल्या, तेव्हा दारं उघडली.

आता जळगावचं. मे-जून २०२०मध्ये आपल्या जिल्ह्यातला कोविडचा मृत्युदर देशभर चर्चेचा विषय झाला होता. आठवतंय ना? तेव्हा लोकांत एक वाक्य फिरत होतं, ‘दवाखान्यात नेलं की माणूस परत येत नाही.’ म्हणून माणसं घरीच थांबायची. श्वास लागला की मग न्यायची. उशिरा नेलेला माणूस वाचणं कठीण. तो गेला की गल्लीत म्हणायचे, ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ समजूत स्वतःच स्वतःचा पुरावा तयार करत होती. यातलं कोणीही खोटं बोलत नव्हतं.

दादांचं

आता जे सांगतो ते सांगू की नको, याचा मी बराच विचार केला.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी शेती करायचे. १ मार्च २०२१पासून साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली. मी पहिल्याच आठवड्यात घेतली आणि दादांना फोन केला. म्हणाले, “दादर काढायची आहे, मग बघू.” पुन्हा फोन केला. म्हणाले, “माले काय व्हई?” म्हणजे मला काय होणार? रोज शेतात राबतो, उन्हात असतो. मी चिडलो. मी त्यांना टक्केवारी सांगितली, प्रतिपिंडं समजावली. वर म्हणालो, “दादा, तुम्ही अडाण्यासारखं बोलताय.” ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “बापू, तू शिकेल शे, तुनं खरं व्हई. पन सुई कोन देई?”

मला त्या प्रश्नाचा अर्थच कळला नाही. मला वाटलं, विषय टाळताहेत. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ते गेले.

पुढे वर्षभरानं वहिनी बोलता बोलता म्हणाल्या, “ते जीपला घाबरायचे.” १९७६ साली, आणीबाणीत, नसबंदीसाठी गावात जीप यायची तेव्हा दादा तरणेताठे होते. गडीमाणसं रानात पळून जायची. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर त्या वर्षी सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं. ते अमलात आलं नाही एवढंच. दादांचा एक सोबती तेव्हा शिबिरात नेला गेला, परत आला तो खचूनच. पंचेचाळीस वर्षांनी गावात पुन्हा जीप आली, पुन्हा शिबिर, पुन्हा यादीत नाव आणि पुन्हा सुई. ‘सुई कोन देई?’ हा अडाण्याचा प्रश्न नव्हता. वात्स्यायनानं विचारला असता तोच प्रश्न होता तो. आणि मी, तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, त्याला अडाणी म्हणालो.

मी गावी गेलो असतो, त्यांच्याबरोबर उपकेंद्रापर्यंत चाललो असतो, तिथल्या सिस्टरशी त्यांची गाठ घालून दिली असती, तर? माहीत नाही. कदाचित तरीही गेले नसते. पण मी प्रयत्न केला तो चुकीच्या ठिकाणी केला. ते विचारत होते कोण, आणि मी सांगत होतो किती.

मग त्या आजींना काय सांगायचं?

धुळ्याच्या त्या आजींना मी आता असं सांगेन.

आधी सुनेला विचारा, तिला नेमकी कशाची भीती वाटते. तापाची? मोबाइलवर वाचलेल्या एखाद्या गोष्टीची? शेजारच्या कोणाच्या मुलाची? उत्तर मिळेपर्यंत सल्ला देऊ नका. भीती एकदा नाव घेऊन समोर आली, की निम्मी हलकी होते.

मग तिला प्रतियोगी दाखवा. आकडे नका सांगू, आपलं सांगा. तुमच्या लहानपणी गोवरानं, घटसर्पानं कोणाचं काय झालं, ते तुम्हाला आठवत असेल. ते तुम्हीच सांगू शकता. इंटरनेटवर ते तुमच्या आवाजात मिळणार नाही. आपल्या म्हाताऱ्यांकडे आता हे एकच मोठं काम उरलंय, जे नाहीसं झालं त्याची साक्ष देणं.

तिसरं, तिला विचारा, तू कोणाचं ऐकशील? माहेरच्या डॉक्टरांचं? मैत्रिणीचं, जी नर्स आहे? गावातल्या आशाताईचं? जो जाणतोही आणि तिला जवळचाही वाटतो, असा माणूस शोधा. सातपुड्याच्या पाड्यावर पावरीत बोलणारी आशाताई जे करू शकते, ते जळगावहून आलेला साहेब करू शकत नाही. आणि लस द्यायला जाल तेव्हा तिला एकटी पाठवू नका, बरोबर जा. ताप आला तर रात्री मीही जागेन, असं म्हणा. म्हणजे ‘मी केलं’ याचं ओझं दोघींत वाटलं जाईल.

आणि एक गोष्ट शेवटी, हळू आवाजात सांगा. गोवर फार पटकन पसरतो. एका रोग्यापासून, लस नसलेल्या वस्तीत, बारा ते अठरा जणांना लागण होऊ शकते. साथ रोखायची तर शंभरातल्या ९५ मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत. पहिला डोस एरवी नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळतो. म्हणजे गल्लीतलं सहा महिन्यांचं बाळ तुमच्या नातवाच्या लशीच्या भरवशावर आहे. ‘थांबू या’ म्हणताना आपण आपल्यापुरतं थांबत नाही.

एक शंका

मघाशी एका विद्यार्थ्यानं चिठ्ठी पाठवली आहे. वाचतो. “सर, शंका घेऊ नये असं तुमचं म्हणणं आहे का? मग तत्त्वज्ञान कशाला?”

चांगला प्रश्न आहे. शंका जरूर घ्यावी. न्यायशास्त्रात संशय ही विचाराची सुरुवात आहे. संशय नसेल तर चौकशीच होत नाही. पण तो सुरुवात आहे, मुक्काम नाही. आणि संशय दोन्हीकडे सारखा घ्यावा लागतो. लस देणाऱ्याला ‘तुझा यात फायदा काय?’ विचारतोस, तर लस घेऊ नका म्हणणाऱ्यालाही तेच विचार. ‘तुला हे कसं कळलं?’ हा प्रश्न डॉक्टरला लागू आहे, तसा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या काकांनाही लागू आहे. डॉक्टरनंही या प्रश्नावर रागावू नये. जो रागावतो, तो जाणता असला तरी आप्त होत नाही. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतोय.

‘कोन सांगस?’ हा प्रश्न विचारत राहा, मंडळी. फक्त उत्तर मिळेपर्यंत विचारा, आणि ते मिळाल्यावर हात पुढे करा. दादांच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. तुमच्या घरी कोणी तो विचारला, तर फोनवर देऊ नका. जाऊन द्या.